बोधांचा सुकाळ

आमच्या धर्मजीवनात अलीकडे एका गोष्टीचा फार सुकाळ झाला आहे आणि ती गोष्ट म्हणजे बोध. रविवारच्या प्रवचनाच्या शेवटी बोध, प्रार्थनासभेत बोध, धर्मग्रामाच्या पत्रिकेत चौकटीतला बोध, आणि सकाळी डोळे नीट उघडण्यापूर्वी मोबाइलवर गुलाबाच्या चित्रासह येऊन पडलेले पाच-सात बोध. इतके बोध पचवूनही आमची श्रद्धा पूर्वी होती तेवढीच अशक्त का राहते, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. तो विचारावा म्हणूनच हा लेखनप्रपंच.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. रोजच्या जगण्यातून श्रद्धेचे धडे घ्यावेत, याविषयी आमचा वाद नाही. उलट, ज्या धर्माचा देव माणूस झाला, सुताराच्या घरी वाढला आणि वयाची सुमारे तीस वर्षे आपल्या गावाच्या कष्टकरी जीवनात मिसळून राहिला, त्या धर्माच्या अनुयायांनी देव शोधायचा तो चुलीपाशी, विहिरीवर, लोकलच्या डब्यात आणि रुग्णाच्या उशाशीच. आमचा वाद आहे तो अनुभवाकडे न पाहताच धडा काढण्याच्या सवयीशी. अनुभव उसना, विचार घाईचा आणि किंमत मोजणारा माणूस दुसराच, अशा तीन दोषांनी आजचे बहुतेक बोध पोखरलेले आहेत, असे आमचे मत आहे.

उसने अनुभव

प्रथम उसनवारीविषयी. गरुडाची एक गोष्ट वाचकांनी निदान दहा वेळा तरी ऐकली असेल. चाळिसाव्या वर्षी गरुड म्हणे एका कड्यावर जाऊन बसतो, आपली चोच खडकावर आपटून तोडतो, नवी चोच आली की तिने जुनी नखे उपटतो, नंतर पिसे उपटतो, आणि पाच महिन्यांनी नवा जन्म घेऊन आणखी तीस वर्षे जगतो. तात्पर्य : ख्रिस्ती माणसानेही जुन्या सवयी अशाच उपटून टाकाव्यात. गोष्ट मोठी आवेशपूर्ण आहे. अडचण एवढीच, की ती खोटी आहे. कोणताही गरुड असे करीत नाही. चोच तुटलेला पक्षी पाच महिने खाणार काय? त्याला नवा जन्म मिळत नाही, उपासमारीने मरण मिळते. नवीकरणासारखे सत्य सांगायला असत्याचा आधार घ्यावा लागावा, ही आमच्या श्रद्धेची नव्हे, आमच्या आळसाची साक्ष आहे. ही गोष्ट ऐकणारा शाळकरी मुलगा दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या शिक्षकांना विचारील आणि त्याला खरे उत्तर मिळेल. मग व्यासपीठावरून सांगितलेल्या पुनरुत्थानावर त्याने कोणत्या आधाराने विश्वास ठेवावा?

गरुडाखालोखाल हिमवादळांचा क्रम लागतो. जिथे बर्फ फक्त मासळीच्या पेटीत पाहायला मिळतो, त्या वसईत बर्फात अडकलेल्या वाटसरूंच्या, शेकोट्यांच्या आणि दीपगृहांच्या गोष्टी आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. परदेशी प्रवचनसंग्रहांतून उचललेल्या या गोष्टींत वाईट असे काही नसते. पण त्या आमच्या कोणत्याच अनुभवाला हात लावीत नाहीत. त्या कानांना गोड लागतात आणि चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत विरून जातात.

आमच्या भाषेतील ख्रिस्ती परंपरा तर नेमकी याच्या उलट आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय गोव्याच्या साष्टीत आले, लोकांची भाषा शिकले, आणि १६१६ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे 'क्रिस्तपुराण' त्यांनी लोकांच्या ओठांवर असलेल्या ओवीत रचले. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांना लॅटिन पंडितांची उष्टी गोष्ट द्यायची नाही, एवढे भान त्या परदेशी धर्मगुरूला चारशे वर्षांपूर्वी होते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाई कॅथॉलिक नव्हत्या. पण श्रद्धा स्वयंपाकघरात, भांडणात, दारिद्र्यात आणि हसण्यात कशी रुजते हे मराठीत त्यांच्याइतके प्रामाणिकपणे कोणी सांगितले असेल, असे आम्हांला वाटत नाही. त्यांनी जागोजागी तात्पर्ये चिकटवली नाहीत. जे घडले ते जसे घडले तसे सांगितले, आणि म्हणूनच ते आजही वाचणाऱ्याच्या अंतःकरणाला भिडते.

दाखले कोठून आले?

कोणी म्हणेल, प्रभू येशूनेही दाखलेच सांगितले की! होय, सांगितले. पण ते कसे सांगितले, हे पाहावे. त्याने खमिराची गोष्ट सांगितली ती रोज पीठ मळणाऱ्या बायकांपुढे. जाळ्याची सांगितली ती हाताला जाळ्याचा वास असलेल्या कोळ्यांपुढे. पेरणाऱ्याची सांगितली ती शेतकऱ्यांपुढे. ऐकणाऱ्यांना सांगणाऱ्यापेक्षा त्या कामातले अधिक कळत होते. त्यामुळे दाखल्यात कोठे काही विपरीत आले, की ते त्यांच्या तत्काळ ध्यानात येई. दाखल्याचा अर्थ त्या खटकण्यातच दडलेला असे.

पेरणाऱ्याचा दाखला घ्या. प्रवचनात तो नेहमी एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो : तुम्ही कोणती जमीन आहात? वाटेची, खडकाळ, काटेरी की सुपीक? आता हाच दाखला भाताचे बियाणे जपून ठेवणाऱ्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्याला ऐकवा. तो आधी जमिनीचा विचार करणार नाही. तो विचारील, "वाटेवर आणि काट्यांत बी फेकणारा हा कसला शेतकरी?" त्याचा प्रश्न रास्त आहे. बियाणे मूठमूठ मोजून राखणारा माणूस ते असे उधळीत नाही. आणि याच प्रश्नाच्या दाराने आपण दाखल्याच्या आत शिरतो. देव हिशेब करून कृपा पेरीत नाही. जिथे पीक येण्याची आशा नाही तिथेही तो हात आखडत नाही. जमिनींची यादी आम्हांला पाठ आहे, पेरणाऱ्याचे हे औदार्य मात्र आम्ही ऐकलेच नाही, कारण शेतकऱ्याला आम्ही कधी विचारलेच नाही.

खमिराचेही तसेच. "लहानशी गोष्ट मोठा परिणाम करते," हे त्याचे ठरलेले तात्पर्य. पण संत मत्तयच्या शुभवर्तमानात त्या स्त्रीने तीन मापे पीठ घेतले आहे. ते आजच्या हिशेबाने चाळीस लिटरांच्या आसपास भरते, म्हणजे शंभराहून अधिक माणसांच्या भाकरी. ज्यांनी लग्नघरी फुग्यांसाठी परातीच्या पराती पीठ मळले आहे त्या आमच्या आया-मावश्या हे ऐकून लगेच विचारतील, "एवढे पीठ कुणासाठी? आणि एकटीनेच मळले?" शिवाय यहुदी घरांत वल्हांडणाच्या वेळी खमीर शोधून शोधून घराबाहेर टाकीत, ते नासण्याचे चिन्ह मानले जाई. अशा वस्तूची आणि एका अनाम बाईच्या हाताची उपमा स्वर्गराज्याला द्यावी, हे श्रोत्यांना चांगलेच खटकले असणार. पीठ आंबण्यासाठी ऊब लागते, वेळ लागतो, झाकून ठेवावे लागते, आणि सारखे उघडून पाहिले तर ते बिघडते, हे स्वयंपाकघरातले ज्ञान जिच्यापाशी आहे तिला स्वर्गराज्याविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ती दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसून गरुडाची गोष्ट ऐकत असते.

घाईचा बोध

दुसरा दोष घाईचा, आणि तो पहिल्याहून अधिक घातक आहे. उसन्या गोष्टीने फार तर कंटाळा येतो. घाईच्या बोधाने माणूस जखमी होतो.

जुलै २०१८ मध्ये वसईत पूर आला. रेल्वे बंद पडली, वीज गेली, मिठागरांत कुटुंबेच्या कुटुंबे अडकली, घराघरांत पाणी शिरून धान्य आणि अंथरुणे भिजली. पाणी ओसरते न ओसरते तोच बोध सुरू झाले. देवाने आपली परीक्षा पाहिली. देव आपल्याला जागे करतो आहे. आपली पापे वाढली होती. २०२० साली महामारी आली, मार्चमध्ये चर्चची दारे बंद झाली, आणि पुन्हा हेच शब्द नव्या जोमाने फिरू लागले.

अशा प्रसंगी प्रभू येशूने काय केले, हे संत लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात नोंदलेले आहे. पिलाताने काही गालीली माणसांची हत्या केल्याची वार्ता त्याच्यापर्यंत आणण्यात आली. त्याने स्वतःहून आणखी एका दुर्घटनेची आठवण करून दिली : शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली होती. ती माणसे इतरांहून अधिक पापी होती काय, असा प्रश्न त्याने विचारला आणि स्वतःच ठामपणे नकार दिला. लगेच तो ऐकणाऱ्यांकडे वळला आणि म्हणाला, पश्चात्ताप तुम्ही करा. योहानच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे, असा सवाल केला तेव्हाही त्याने तो हिशेब धुडकावून लावला आणि त्या आंधळ्याला दृष्टी दिली. मृतांच्या नावावर बोध लिहायचा नाही, जिवंतांनी आपला मार्ग बदलायचा, ही प्रभूची रीत. आमची रीत नेमकी उलट आहे. आम्ही दुर्दैवी माणसाला त्याच्या दुर्दैवाचा अर्थ समजावून सांगतो आणि स्वतः आहोत तसेच राहतो.

मग पुरातून धडा घ्यायचाच नाही काय? जरूर घ्यायचा, परंतु त्यासाठी आधी पाणी कोठून आले, ते कोठे जायचे थांबले, हे पाहायला हवे. अतिवृष्टी हे कारण होतेच. पण आमच्या वडीलधाऱ्यांनी वाडीच्या कडेला बावखले खणली होती. पावसाचे पाणी त्यांत साठे, जमिनीत मुरे, आसपासच्या विहिरींचे झरे जिवंत ठेवी आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला अटकाव करी. उन्हाळ्यात रहाटाने त्याच पाण्यावर केळी, पानवेली आणि फुलझाडे शिंपली जात. या बावखलांतली कितीतरी आता मातीने भरली आहेत. त्यांच्यावर बंगले उभे आहेत, इमारती उभ्या आहेत, गाड्या ठेवण्याच्या जागा आहेत. नाले अरुंद झाले, पाणथळ जागांवर भराव पडले. पावसाचे पाणी आपली जुनी वाट शोधीत आले आणि ती वाट त्याला सापडली नाही. जमीन आणि पाणी वाचवा, असा आवाज विसाव्या शतकाच्या अखेरीस याच भूमीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईच्या चळवळीतून उठवला होता. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या विश्वपत्रातून साऱ्या जगाला तीच हाक दिली.

"देवाने परीक्षा पाहिली," असे म्हणण्यात केवढी सोय आहे, हे आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. बावखल कोणी बुजवले, भराव कोणी टाकला, दाखला कोणी दिला, जमीन कोणी विकली आणि तिच्या पैशांतून कोणता सण थाटात झाला, हे प्रश्न त्या एका वाक्याखाली सुखाने झाकले जातात. देवावर जबाबदारी ढकलणे म्हणजे श्रद्धा नव्हे. पुराचा खरा बोध हात जोडून संपत नाही. तो हातात फावडे देतो.

ईयोबाचे तीन मित्र त्याला भेटायला आले तेव्हा ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्दही बोलले नाहीत. त्या ग्रंथात त्यांनी केलेली सर्वांत चांगली गोष्ट तीच. त्यांनी तोंडे उघडली, दुःखाची कारणे सांगायला प्रारंभ केला, आणि ग्रंथाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. घरात तरुण मुलाचा मृतदेह असताना आईला "देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात" असे सांगणाऱ्या आमच्या सज्जन शेजाऱ्यांनी हा ग्रंथ एकदा अवश्य वाचावा. त्या आईजवळ बसावे, चहा करावा, तिच्या पाठीवर हात ठेवावा. बोध राहू द्यावा.

क्रूस कोणाच्या खांद्यावर?

तिसरा दोष सर्वांत गंभीर. आमच्या बोधांची किंमत बहुधा दुर्बळालाच मोजावी लागते.

आमच्या घरांत जमिनीचे व्यवहार होतात तेव्हा एक कागद हमखास निघतो : बहिणींचे हक्कसोडपत्र. मृत्युपत्र न करता निवर्तलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान आहे, असे भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ पासून सांगत आला आहे. केरळमध्ये मेरी रॉय यांना याच समानतेसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि १९८६ साली त्यांच्या बाजूने निकाल लागला. आमच्या भगिनींना हा हक्क न लढता मिळालेला आहे, आणि बहुतेक वेळी तो न लढताच जातो. बहीण सही करते. राजीखुशीने, समजून-उमजून केलेल्या सहीबद्दल आमची तक्रार नाही. पण पुष्कळदा ती सही केली नाही तर माहेरचे दार बंद होईल, या भीतीने केलेली असते. त्यानंतर सर्वजण तिच्या मायेचे, त्यागाचे, ख्रिस्ती औदार्याचे गोडवे गातात. तिच्या त्यागातून बोध घेणारे पुष्कळ भेटतात. भावाच्या लोभातून बोध घेणारा एकही भेटत नाही.

संत लूकच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक माणूस प्रभूकडे वारशाच्या वाटणीचे गाऱ्हाणे घेऊन येतो. प्रभू वाटणी करायला नकार देतो आणि लोभापासून सावध राहायला सांगून, कोठारे वाढवण्याच्या बेतात असलेल्या धनवानाची गोष्ट सांगतो, त्याच रात्री ज्याचा प्राण मागून घेतला जाणार होता त्या धनवानाची. ही गोष्ट प्रभूने वाटा ज्याच्या हाती अडकला होता त्यालाही लागू केली, याचा आम्हांला सोयीस्कर विसर पडतो. आमच्याकडे ती वाटा मागणारीलाच ऐकवली जाते.

याहून भयंकर प्रकार म्हणजे मार खाणाऱ्या पत्नीला केला जाणारा उपदेश. "हा तुझा क्रूस आहे, तो सहन कर." आम्ही येथे शक्य तितक्या स्पष्टपणे सांगू इच्छितो, की नवऱ्याची मूठ हा क्रूस नव्हे, तो गुन्हा आहे. प्रभूने क्रूस स्वेच्छेने स्वीकारला. तो दुसऱ्याच्या पाठीवर लादून वर त्याचे माहात्म्य सांगण्याचा अधिकार त्याने कोणाला दिलेला नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात स्त्रियांवरील हिंसेचा निषेध केला आहे, आणि दुर्बळ जोडीदाराला किंवा मुलांना हिंसेपासून वाचवण्यासाठी विभक्त होणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते, असेही लिहिले आहे. ज्या बाईला आज रात्री घरी जायची भीती वाटते तिच्यासमोर बोध सांगणाऱ्याने आधी तिच्या निवाऱ्याची सोय करावी.

आक्षेप आणि उत्तर

आमच्यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की साध्या माणसांना साध्याच गोष्टी लागतात. एवढी चिकित्सा कशाला? यात साध्या माणसांचा अपमान आहे. पहाटेच्या गाडीने फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्या घेऊन मुंबईला जाणाऱ्या आमच्या बायकांना बाजार कळतो, माणसे कळतात, हिशेब कळतो. त्या साध्या असतील, पण भोळ्या नाहीत. पोकळ गोष्ट कोणती आणि भरीव कोणती, हे त्यांना हातात टोपली घेताच वजन कळावे तसे कळते. आदर म्हणून त्या गप्प बसतात, इतकेच.

दुसरा आक्षेप असा, की धर्मगुरूंना वेळ कोठे असतो? खरे आहे. एका फादरांना मिस्सा, लग्ने, दफनविधी, शाळा, इमारतीची दुरुस्ती, सारेच पाहावे लागते. परंतु पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या 'एव्हान्जेली गाउदियुम' या पत्रात प्रवचनकाराने देवशब्दाइतकेच लोकांकडेही कान द्यावेत, असे आग्रहाने म्हटले आहे. कान देण्यासाठी ग्रंथालय लागत नाही. आणि हे काम एकट्या धर्मगुरूंचे तरी कोठे आहे? आमचे छोटे ख्रिस्ती समूह आहेत, धर्मशिक्षणाचे वर्ग आहेत, घराघरांत संध्याकाळची जपमाळ आहे. पुढच्या रविवारचे शुभवर्तमान आधीच्या आठवड्यात समूहात वाचावे आणि शेतकऱ्याने, परिचारिकेने, रिक्षावाल्याने, विधवेने त्याविषयी काय म्हटले ते फादरांच्या कानी घालावे. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना तयार तात्पर्य लिहून देण्याऐवजी आजीला बावखलाविषयी, आजोबांना मिठागराविषयी विचारून यायला सांगावे. यात पैसा लागत नाही. थोडी नम्रता लागते.

आणि बोध सांगण्याची ऊर्मी आलीच, तर सांगणाऱ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मी सांगतो आहे ते खरोखर घडते काय? ज्याच्यावर हा प्रसंग ओढवला त्याच्या तोंडावर मला हे सांगता येईल काय? आणि या बोधाने उद्या सकाळी नेमके कोणाला काय सोडावे लागेल? पहिल्या प्रश्नाने गरुड उडून जाईल, दुसऱ्याने घाई गळून पडेल. तिसऱ्याचे उत्तर 'मला' असे असेल, तरच तो बोध ओठांवर आणावा.

वाचकहो, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगाविषयीच्या आपल्या घटनापत्राचा प्रारंभच माणसांच्या आनंदापासून आणि आशेपासून, शोकापासून आणि चिंतेपासून केला. आमचे आनंद आणि चिंता आमच्याजवळ आहेत. विहिरीचे पाणी खारट का झाले, बहिणीने सही का केली, मुलगा परदेशातून परत का येत नाही, शेजारच्या घरातून रात्री आवाज कसला येतो, हे सारे अनुभव आमच्या उंबरठ्यावर वाट पाहत उभे आहेत. त्यांना आत घ्यायचे, बसवायचे, त्यांचे शेवटपर्यंत ऐकायचे. प्रभू त्यांच्या पाठोपाठच उभा असतो. दार लावून घेतले तर तोही बाहेरच राहतो.